बॉनेटखालचा फिका हिरवा

गाडी बंद पडली ती नेमकी आमच्या फाटकासमोर.

पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. नोव्हेंबरात आमच्या बेटावर, सिएनफुएगोसच्या खाडीवरून येतो तो झिरमिर ओलावा — अंगावर पडण्याआधी दोनदा विचार करणारा. मी ओसरीत शेजारणीच्या फ्रीजचे दार रंगवायला घेतले होते आणि दमट हवेमुळे नुसतीच बसून होते. हातात स्प्रेची गन, समोर पांढरे दार, आणि दुपार अशी, की तिच्यात एखादा शब्द टाकला तर तो तळाशी जाऊन वाजेल.

चौपन्न सालची प्लिमथ होती ती. काय रूप होते तिचे! खाली फिका हिरवा, टपावर साईचा रंग, कडेने धावणारी क्रोमची रेघ. तिच्यातून एक तरुण उतरला. उंच माणसे लहान दारांच्या घरांत वाढली की वाकतात, तसा खांद्यांतून किंचित वाकलेला. त्याने बॉनेट वर केले, आणि मला हसू आवरले नाही.

आतला पत्रा कुठे निळा, कुठे तांबडा, कुठे नुसता गंजाचा. आणि सगळ्यावर तेलाची काळी साय.

"हसताय कशाला?" तो वळून म्हणाला.

"तुमच्या गाडीला. बाहेरून नवरी, आतून मोरी!"

"नवरीचं एवढं आत बघू नये लोकांनी."

"मग भर रस्त्यात उघडून कशाला उभे राहिलात?"

त्याला उत्तर सुचले नाही. केसांवरून पाणी गळत होते आणि तो खरोखरच उत्तर शोधत उभा होता. आमच्या गावातल्या पुरुषांना बाईशी बोलताना उत्तर न सुचणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. मी गन खाली ठेवली.

आतून, झुलत्या खुर्चीतून, एनेइदा मावशी ओरडली, "दामारिस, अगं त्याला वर तरी घे! भिजलेल्या माणसाशी भांडू नये. ताप आला तर पाप आपल्या माथी."

असा तो ओसरीत आला. ओस्मेल त्याचे नाव. मावशीच्या हातची कडक गोड कॉफी पीत त्याने सारे सांगितले. गाडी वडिलांची. वडील गेल्या वर्षी गेले. वारादेरोचा बेनितेस नावाचा व्यापारी परदेशी पाहुण्यांना फिरवायला जुन्या गाड्या घेतो. त्याला ही पसंत आहे, पण पाहुणे आधी बॉनेट उघडायला लावतात, फोटो काढतात. तेव्हा बेनितेसची अट एकच — आतून बाहेरच्यासारखी करून दे, मग आपण बोलू.

"आणि विकून काय करणार?" मी विचारले.

"ताम्पाला जाणार, समुद्रापलीकडं. मोठा भाऊ आहे तिथं. बोलावतोय... कधीचा."

मी कप बशीत ठेवला. आवाज जरा जास्तच झाला.

आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एक खुर्ची रिकामी आहे, आणि त्या खुर्च्यांनी आम्हांला एक रीत शिकवली आहे : जाणाऱ्याला 'थांब' म्हणायचे नाही. आज तुमच्या शब्दाखातर थांबलेला माणूस उद्या उपाशी झोपला, तर ती भूक तुमच्या नावावर चढते. माझा भाऊ गेला तेव्हा मी फाटकात हसत उभी होते. माझी जिवाभावाची मैत्रीण गेली तेव्हाही. या गल्लीत निरोप देताना जे हसू लागते ते मी चांगले घोटून घेतले आहे.

"इथं जवळपास कुणी रंगारी आहे का?" ओस्मेल विचारत होता. "रंगाचा वास येतोय मघापासून."

"तुमच्यासमोरच बसलाय रंगारी."

"तुम्ही?"

"मग काय मावशी?"

"मी रंगवीनही," मावशी म्हणाली, "फक्त चष्मा शोधून द्या."

तो हसला. हसताना तो वाकत नसे. उलट सरळ होई. ते मी तेव्हाच पाहून ठेवले.

"इंजिन बाहेर काढावं लागेल," मी म्हणाले. "सगळं खरवडायचं, पत्रा उघडा करायचा, मग प्रायमर, मग रंग."

"इंजिन न काढता वरवर नाही होणार?"

"होईल ना. पण मग ते दुसऱ्या कुणाकडून. मी तोंड न धुता पावडर लावत नाही."

*

इंजिन आमच्या परसातल्या आंब्याच्या फांदीला चेन-कप्पीने टांगले गेले. गाडी दगडांवर उभी केली, चाके काढून भिंतीला टेकवली, आणि त्या मोकळ्या पोटात आम्ही दोघे समोरासमोर वाकलो — तो डाव्या अंगाने, मी उजव्या. रॉकेलचे फडके, बोथट सुऱ्या, पॉलिश पेपर. इतक्या जवळ वाकून दोन माणसे एकतर शस्त्रक्रिया करतात किंवा एकमेकांना ओळखू लागतात.

'तुम्ही' पहिल्याच दुपारी गळून पडले, तेलाच्या पहिल्या पापुद्र्याबरोबर.

"अरे, हळू! खणतोयस का खरवडतोयस?"

"खालचा निळा निघतच नाहीये."

"निघेल. तो निळा होडीचा आहे."

"तुला कसं कळलं?"

"एवढा जाड आणि एवढा हट्टी रंग माणसं फक्त समुद्राला तोंड देण्यासाठी बनवतात."

त्याने सुरी फडक्याला पुसली. मग म्हणाला, "बाबा होड्यांच्या कारखान्यात होते. डब्याच्या तळाशी उरलेला रंग आणायचे. रविवारी बॉनेट उघडून ब्रशनं फासत बसायचे. आई म्हणायची, बायकोपेक्षा हिचं पोट जास्त बघता."

सुरीच्या टोकाशी त्या निळ्यात काहीतरी अडकले होते. मी फुंकर मारली. ब्रशचा एक केस होता. रंग वाळताना आत राहून गेलेला, नदीच्या गाळात एखादी काडी राहावी तसा. मी तो बोटावर घेऊन त्याच्यापुढे धरला. ओस्मेलने तो घेतला नाही, टाक असेही म्हटले नाही. नुसता पाहत राहिला. मग माझ्या बोटावरून उचलून खिशात ठेवला आणि नाक ओढत म्हणाला, "रॉकेलनं डोळे चुरचुरतात नाही?"

"फार," मी म्हणाले. माझे डोळे अजिबात चुरचुरत नव्हते.

रंग कोणता, याचे उत्तर गाडीनेच दिले. इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर कारखान्याची एक छोटी पाटी स्क्रूने बसवलेली होती. मी ती काढली. तिच्या खाली बोटभर रुंदीचा तुकडा होता, ज्यावर इतक्या वर्षांत ना ऊन पडले होते, ना तेल, ना कुणाची नजर. फिका हिरवा. कोवळ्या केळीच्या पानाचा, पण मध्ये पातळ धुके असावे तसा.

"बाहेरच्यापेक्षा वेगळा आहे," तो कुजबुजला.

"बाहेरचा हिरवा आठवणीतून मिसळलेला आहे. हा खरा."

"जमेल तुला?"

"ओस्मेल, मी दामारिस आहे. जमेल का, असं मला विचारायचं नाही. कधी, असं विचारायचं."

"कधी?"

आणि इथे मात्र मी आभाळाकडे पाहिले.

*

हवा दमट असेल तर ताज्या रंगावर पांढुरका धुरळा चढतो, चकाकी आंधळी होते. उत्तरेचा वारा सुटला की हवा कोरडी पडते. त्या दिवशी गन हातात घ्यायची, एरवी नाही. हे सगळे खरे होते. आणि तरीही रोज सकाळी खाडीवर ते ओले धुके दिसले की माझ्या छातीत काहीतरी हलके होई.

तो रोज येई. कधी पेरू घेऊन, कधी पाव, कधी नुसताच.

"आज मारायचा का हात?"

"हवा बघ."

"उद्या?"

"उत्तरेचा वारा आला की."

"आणि तो नाहीच आला तर?"

"तर तुझा बेनितेस थांबेल."

"बेनितेस थांबेल..." तो म्हणायचा, आणि वाक्य तसेच सोडून द्यायचा, दार किंचित उघडे ठेवावे तसे. मी त्या दारातून आत गेले नाही. आमच्या गल्लीत जात नाहीत.

एका संध्याकाळी मावशी माझे केस विंचरता विंचरता म्हणाली, "पोरी, तो रंग बघायला येतो होय? रंग तर डब्यात आहे. झाकण लावलेल्या डब्याकडे कुणी इतका वेळ बघत बसत नाही."

"तो जाणार आहे, मावशी."

"जाणार आहे हे तो दर वेळी तुझ्याकडेच बघून सांगतो. मला कधी नाही सांगितलं."

माझ्यापुढचा पेच साधा होता आणि म्हणूनच क्रूर होता. मी जितके चांगले रंगवीन तितक्या लवकर तो जाईल. गनच्या नळीत दोन थेंब पाणी राहू दिले असते, एका दमट दुपारी 'चल, आज मारू' म्हटले असते, तर रंग फसला असता आणि हवेला दोष देता आला असता. कुणालाही कळले नसते. पण माझे हात माझेच होते. मला त्यांच्यासोबत म्हातारे व्हायचे होते. मी ठरवले : त्याला जायचेच असेल, तर माझ्या सर्वोत्तम कामावर बसून जाऊ दे.

वारा आला तो सकाळी. मावशीच्या पडद्याने आधी सांगितले, मग आंब्याच्या पानांनी. खाडी एकाएकी निळीभोर, काठ कोरून काढल्यासारखे. ओस्मेल फाटकात उभा होता आणि त्याच्या हातात आज काहीच नव्हते.

"आला," तो म्हणाला.

"आला," मी म्हणाले.

गनला हवा पुरवणारा माझा कॉम्प्रेसर म्हणजे एका जुन्या रशियन फ्रीजचे काळीज. ते घुरघुरू लागले. पहिला हात पातळ, नुसता श्वासाइतका. दुसरा भरीव. दुपारी तिसरा हात मागच्या भिंतीवर निम्म्यापर्यंत पोचला, आणि वीज गेली.

सगळ्या गल्लीने एका सुरात शिवी हासडली. माझी गन एकदा शिंकली आणि मेली. भिंतीवर ओल्या रंगाची कड उभी होती; ती वाळली तर तिथे कायमची शिवण दिसणार.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" ओस्मेलने विचारले.

"पाव तास. मग संपलं."

त्याने परसभर नजर फिरवली. भिंतीला टेकवलेल्या चाकांवर ती थांबली.

"हवा तर आहे," तो म्हणाला. "चार चाकं भरून हवा आहे."

मी त्याच्याकडे पाहिले. त्या क्षणी — हे मी मावशीलाही सांगितलेले नाही — मी त्याच्या प्रेमात पडून चुकले आहे हे मला कळले. कवितेसारखे काही झाले नाही. एका माणसाने टायरमध्ये हवा पाहिली, एवढेच.

नळी चाकाच्या तोंडाला लावली. तो गुडघ्यांवर बसून तोटी दाबत होता, मी गाडीत वाकून गन फिरवत होते.

"कमी... हं. जरा सोड. बस्!"

"असं?"

"असंच. थरथरू नको."

"मी नाही थरथरत. चाक थरथरतंय."

"हो का? आणि चाकालाच घाम फुटलाय वाटतं."

एकेक चाक उसासा टाकत रिकामे होत गेले. चौथ्याचा शेवटचा श्वास संपला आणि शेवटचा कोपरा भरला. शिवण कुठेच नव्हती. पत्रा असा दिसत होता, जणू त्याच्यावर रंग चढवलेला नसून त्याला आतून पालवी फुटली आहे.

ओस्मेल उठला. त्याच्या पापण्यांवर हिरवी धूळ बसली होती. मी अंगठ्याने पुसली. तो हलला नाही. वारा वाहत होता, आंब्याला टांगलेले इंजिन किंचित डुलत होते...

"दामारिस..."

"हं?"

"काही नाही. कड... कड छान जुळली."

माझ्या हातातली गन मी त्याच्या डोक्यात घातली नाही, हे माझ्या संयमाचे शिखर समजावे.

*

दुसऱ्या सकाळी मी परसात आले तेव्हा तो आधीच गाडीपाशी उभा होता. पाठमोरा. मी आत वाकून पाहिले.

मागच्या भिंतीवर, अगदी मधोमध, अजून पुरत्या न वाळलेल्या रंगात एक पंजा उमटला होता. पाच बोटे, तळवा, तळव्यावरच्या रेषासुद्धा.

"हे काय आहे?"

"हात."

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

त्याने उजवा तळवा उघडला. हिरवा होता.

"घसरला?"

त्याने तळवा तसाच उघडा ठेवला. "नाही," म्हणाला. "ठेवला."

मला समजायला क्षण लागला. मग एकदम समजले, आणि आनंद व्हावा त्या जागी असा संताप उसळला की मावशीची खुर्ची आत झुलायची थांबली.

"ठेवला? माझ्या कामावर? चार चाकांची हवा काढून जो रंग बसवला, त्यावर?"

"परवा बेनितेस येतोय. मला वाटलं... रंग बिघडला तर तो घेणार नाही. मग मला..."

"मग तुला थांबावं लागेल. म्हणजे थांबायचं तुला, आणि ठपका माझ्या रंगावर?"

"तू एकदासुद्धा थांब म्हणाली नाहीस," तो म्हणाला. आवाज लहान होता, पण त्यात धार होती.

"म्हणणार नाही. मरेपर्यंत म्हणणार नाही. हे वाक्य या गल्लीत कुणी दुसऱ्यासाठी बोलत नाही, ओस्मेल. ज्याचं पोट, ज्याचा भाऊ, ज्याचा समुद्र, त्यानंच बोलायचं. जायचं असेल तर माझ्या चांगल्या कामाचे पैसे घेऊन जा. राहायचं असेल तर तोंड उघडून राहा. माझ्या रंगाला तुझा दलाल करू नकोस!"

मी थिनरचा डबा, फडके आणि बारीक पॉलिश पेपर त्याच्यापुढे आदळले.

"पूस. आणि वाळलं की पाण्यानं घास. मी सांगेपर्यंत घास."

त्याने घासले. उन्हे कलेपर्यंत, स्वतःची बोटे स्वतःच पुसत. मावशीने त्याला दोनदा कॉफी नेऊन दिली आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असे पाहिले, जणू मी गुन्हेगार आहे. डब्याच्या तळाशी जेमतेम एका हातापुरता रंग होता. वारा अजून उत्तरेचाच होता, वीजही होती. मी पूर्ण भिंत पुन्हा मारली. आधीपेक्षाही चांगली झाली. राग कधी कधी मनगट स्थिर करतो.

शनिवारी इंजिन खाली उतरवले, जागेवर बसवले, चाकांत हवा भरून गाडी फाटकासमोर आणून उभी केली. आम्ही कामापुरते बोललो. "उचल." "सोड." "पाना दे." जाताना तो फाटकात रेंगाळला. मी हात धूत होते, आणि ते धुऊन होऊच दिले नाहीत.

*

बेनितेस रविवारी सकाळी आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, अंगाला कोलोनचा वास, सोबत रिकामा हसरा चेहरा. गल्ली ओसऱ्यांत येऊन बसली होती. आमच्याकडे असे सौदे एकट्याने होत नाहीत. ओस्मेलने बॉनेट उघडले.

बेनितेस वाकला आणि त्याचा तो हसरा चेहरा गळून पडला. मागे उरला एक साधा, जुन्या गाड्यांवर जीव टाकणारा माणूस. त्याने खिशातून रुमाल काढला, आतली भिंत पुसली, रुमाल उन्हात धरला. पांढराच.

"देवा रे," तो म्हणाला. "हे कुणी केलं?"

"मी," मी ओसरीतून म्हणाले.

"बाई, मी वीस गाड्या घेतल्यात. असं आत मी कुठं पाहिलं नाही." तो ओस्मेलकडे वळला, हात पुढे केला. "ठरलं. जे बोललो ते देतो, वर खुशीचे वेगळे. दे हात."

ओस्मेलने हात दिला नाही. त्याने त्या रंगाकडे पाहिले. तिथे आता कुठलाच डाग नव्हता, आडोशाला उभे राहावे असे काहीच नव्हते. मग त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्यावर मी काहीही येऊ दिले नाही. घोटलेले हसूसुद्धा नाही. माझी नखे मात्र ओसरीच्या खांबात रुतली होती.

"गाडी विकायची नाही," तो म्हणाला.

"अजून पाहिजेत?"

"नाही."

"मग?"

"मला इथं राहायचंय."

गल्लीत कुणीतरी खुर्ची पुढे ओढली.

"इथं?" बेनितेसने हात पसरून सारी गल्ली दाखवली — पोपडे आलेले खांब, ताणलेल्या दोऱ्या, वाळत घातलेल्या चादरी. "इथं आहे काय, बाबा? आणि तो भाऊ तुझा?"

"भावाला मी आज फोन करणार. शिव्या देईल, रडेल, मग गाडीचे फोटो मागेल." ओस्मेल आता सरळ उभा होता, इतका उंच तो मला कधी दिसला नव्हता. "आणि इथं ही आहे. तिनं मला थांबवलेलं नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. उद्या मी उपाशी राहिलो तर तिच्या नावानं कुणी बोटं मोडायची नाहीत. मी माझा थांबतोय. ती हो म्हणो, नाही म्हणो."

"म्हणजे अजून विचारलंच नाहीस तिला?" बेनितेस ओरडला. "गाढवा, आणि मला वारादेरोहून पेट्रोल जाळत आणलंस!"

"विचार की रे मग!" समोरच्या ओसरीतून कुणीतरी म्हणाले.

"गप्प बसा सगळे," मावशी म्हणाली. "कॉफी उतू जातेय, तरी मी उठत नाहीये. कळत कसं नाही?"

ओस्मेल फाटकातून आत येऊन ओसरीच्या पायऱ्या चढला. दोन पायऱ्या खाली थांबला, म्हणून आमचे डोळे एका रेषेत आले.

"दामारिस," तो म्हणाला, "मला नीट बोलता येत नाही. शब्द तोंडाशी येऊन वाळतात. पण त्या दिवशी पापण्या पुसल्यास ना, तेव्हा कडेबद्दल बोलायचं नव्हतं मला. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे सांगायचं होतं. ते आज सांगतो. माझ्याबरोबर राहशील?"

उत्तरेचा वारा पडला होता. खाडीकडून पुन्हा तो ओला, मऊ, दुधाळ दमटपणा चढत होता. चादरी जड होऊ लागल्या होत्या. मला वाटले होते, असे काही ऐकले की आत घंटा वाजतील. तसे झाले नाही. आत फक्त खूप जागा झाली, आणि त्या जागेत मी पहिल्यांदाच आरामात उभी राहिले.

"हो," मी म्हणाले. "आता आधी बॉनेट लाव. धूळ बसतेय."